शिंपलीभर चीक

जूनच्या पहिल्या आठवड्यात हाला मला डोंगरावर न्यायची.
हाला म्हणजे आत्या. साती तिचं नाव.
उजव्या हाताचं मधलं बोट
एका जुन्या घावापासून वाकत नसे,
चाकू ती उरलेल्या चारांनी धरायची.
माझ्या पाठीवर पोतं,
पोत्यात खुळखुळणाऱ्या शिंपल्या,
इझमिरच्या दलालाने मोजून पाठवलेल्या, दोनशे.
समुद्र आम्ही दोघींनीही पाहिला नव्हता.
त्याची भांडी मात्र दरसाल आमच्याकडे यायची.

शेतात तिची धाकटी बहीण असते, गुलाबी फुलांची,
नांगराने दहा तुकडे केले तर दहा वेली.
गव्हाला गळ्यात गळा घालून आडवा करते.
तिची पानं चेचून कोळी चावला तिथे लावतात,
बाकी तिचा उपयोग शिव्या देण्यापुरता.

महमूदा वर, दगडांत.
ती कधी स्वतःच्या पायावर उभी राहत नाही,
काटेरी ओकच्या अंगाखांद्यावर असते.
पान बाणासारखं, फूल फिकट, लोणी ठेवून पिवळं पडावं तसं,
सकाळी उघडं,
आणि ऊन डोक्यावर आलं की पीळ घालून मिटलेलं.
मी वेल सोडवत बसायचे.
हाला म्हणायची, सोड गं,
वेल म्हणजे नुसती बोलणी.
खाली जा.

खाली दंडाएवढं मूळ.
माती हाताने सारायची, मूळ उघडं करायचं,
उपटायचं नाही.
एक तिरका घाव.
घावाच्या खालच्या टोकाशी शिंपली खोचायची
आणि पुढच्या झुडपाकडे वळायचं, मागे न बघता.
मी बघायचे.
पांढरा चीक,
आधी घाबरल्यासारखा, मग सलग.
शेळी व्याली की पहिल्या दिवशी येतो तोही चीकच,
पण त्याची वाट बघणारं कुणीतरी असतं.

संध्याकाळपर्यंत तो तपकिरी होऊन घट्ट बसायचा.
हाला बिही पोखरून त्यात थोडा भरायची,
कणकेत गुंडाळून निखाऱ्यात भाजायची,
म्हणायची, याचे दात पाडावे लागतात.
मग तो जंतांना, तटलेल्या पोटाला,
म्हाताऱ्या दुरसुनच्या सुजलेल्या पायांना.
न भाजलेला कुणाला द्यायची नाही.
कच्चा चीक घेऊन परसाकडे गेलेला एक मेंढपाळ
तिने लहानपणी पाहिला होता.
परत आलेला पाहिला नव्हता.

रात्री दार वाजायचं.
बाया यायच्या, चेहरा झाकून.
हाला विचारायची, किती महिने,
आणि पुदिन्याचा काढा पाजून त्यांना घरी धाडायची.
हाव्वा तीनदा आली.
तिसऱ्यांदा हालाने मला शेळ्या बघायला पाठवलं.
शेळ्या झोपल्या होत्या.

त्या वर्षी शिंपल्या भरल्या एकशे नव्याण्णव.
मी दोनदा मोजल्या.
एक फुटली, हाला म्हणाली.
तुकडे मला कुठे दिसले नाहीत.
मिगिरदिच दलाल आला, त्याने मालावर शिरका टाकला,
खडू मिसळला असेल तर फसफसतो.
आमचा कधी फसफसला नाही.
मोजताना एक कमी निघाली तेव्हा तो हालाकडे बघत राहिला,
हाला त्याच्या खेचराकडे.
त्याने पैसे कापले. तिने घासाघीस केली नाही,
ती, जी मिठासाठी अर्धा दिवस भांडायची.

हिवाळाभर हाव्वा दिसली नाही.
मार्चमध्ये दिसली, बारीक, उन्हात बसलेली,
मांडीवर मसूर निवडायचं सूप.
पाणी मागायला मी आत गेले.
चुलीशेजारच्या कोनाड्यात
मीठ ठेवलं होतं तिने,
शिंपलीत.

हालाला मी ते सांगितलं नाही.
जूनमध्ये आम्ही पुन्हा वर गेलो.
गेल्या वर्षी कापलेल्या एका मुळाशी ती थांबली,
घाव काळा पडून मिटला होता,
शेजारून बोटभर कोंब निघाला होता
आणि अजून काही सापडलं नसल्यामुळे
हवेलाच वळसे घालत होता.
हालाने ओकची एक काटकी वाकवून त्याच्याजवळ आणली,
दगड ठेवून दाबली,
आणि मला ओरडली,
पोतं काय असं आपटतेस, फुटतील.